उत्तरेच्या बाईसाहेब

रविवारी दुपारची जेवणे आटोपली, तशी मेट्रनबाईंनी चष्मा पुसला, हातात वही-पेन्सिल घेतली आणि यजमानांच्या शहराचा चार्ज घेण्यासाठी त्या संगणकासमोर ताठ बसल्या.

शहर संगणकाच्या आत होते. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या जगातले, नदीकाठचे, मातीच्या विटांचा तट असलेले. खेळ जुना होता आणि त्याची रीत साधी होती. काय बांधायचे, काय पेरायचे, कुणाला कुठे पाठवायचे ते ठरवावे आणि कोपऱ्यातले बटण दाबावे. झाली एक खेळी. जगात एक ऋतू पुढे सरके, शेजारची राज्ये आपापली कारस्थाने उरकून घेत आणि पुन्हा आपली वेळ येई. सत्तावीस वर्षांपूर्वी, मुलगा बारा वर्षांचा असताना, बापलेकांनी ते शहर वसवले होते. पहिली विहीर मुलाने खणली. पुढे मुलाला कॉलेज आले, नोकरी आली, बायको आली. शहर बापाने एकट्याने सांभाळले. रोज सकाळी एक खेळी, फार तर दोन. पाणीपुरवठा खात्यात जन्मभर ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढलेला तो माणूस. त्याने शहराचीही एकच फाईल ठेवली होती. प्रत्येक खेळीनंतर जुनी पुसून तिच्याच जागी नवी. "मूळ नकाशा एकच असावा," ते म्हणत. "दोन ठेवले की माणूस दोन्हींत निष्काळजी होतो."

ते गेले, त्याला वर्ष झाले. मेट्रनबाईंनी घड्याळ, पेन, कंपासपेट्या असे सगळे मुलापुढे मांडले होते. मुलाने कशालाच हात लावला नाही. "मला बाबांचं शहर तेवढं हवं," एवढेच तो म्हणाला होता. संगणक मात्र आता थकला होता. तीन-चार तास चालला की त्याला धाप लागे आणि तो आपण होऊन डोळे मिटे. म्हणून मुलगा कामाच्या दौऱ्यावरून परतताना नवे यंत्र घेऊन येणार होता. सकाळीच त्याचा फोन आला होता : "संध्याकाळी सातला पोचतो. आल्याबरोबर शहर नव्या मशीनवर हलवतो. तोवर त्याला कुणीही हात लावू नका."

'कुणीही' या शब्दात आपण मोडतो, असे मेट्रनबाईंना बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही वाटले नव्हते.

"आई, ते म्हणाले होते ना, हात लावू नका म्हणून?" सूनबाई दारातून म्हणाली. सूनबाई दातांची डॉक्टर होती. आठवडाभर लोकांना तोंड उघडायला सांगायचे आणि रविवारी आपले मिटून ठेवायचे, हा तिचा नेम होता. आज तिने तो मोडला.

"मी हात लावत नाहीये. चार्ज घेतेय," मेट्रनबाई म्हणाल्या. "वॉर्ड एका सिस्टरकडून दुसरीकडे जाताना खाटा, चादरी, थर्मामीटर मोजून सह्या झाल्याशिवाय मी कुणाला घरी सोडलं नाही. हे तर अख्खं शहर आहे. उद्या नव्या मशीनवर गेल्यावर एखादा रस्ता कमी भरला, तर जबाबदार कोण?"

या प्रश्नाला दंतवैद्यकात उत्तर नव्हते. सूनबाई आत गेली.

मोजणी सुरळीत चालली. विहिरी एकेचाळीस. कोठारे सहा. सैनिक तीस, त्यांतले बरेचसे पांढऱ्या दाढीचे. मेट्रनबाईंनी शेरा लिहिला : 'निवृत्तीस पात्र.' एवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात लुकलुकणारा एक खलिता त्यांच्या नजरेस पडला. यजमान ज्या सकाळी गेले, त्या सकाळपासून तो तिथे उत्तराची वाट पाहत लुकलुकत असणार. टेबलावर आलेला कागद निकालात काढल्याशिवाय मेट्रनबाईंनी कधी खुर्ची सोडली नव्हती. त्यांनी तो उघडला.

खलिता उत्तरेच्या राणीचा होता. 'पन्नास पोती धान्य पाठवा. मला वाट पाहायला लावू नका.'

"अगं, इकडे ये!" मेट्रनबाई कडाडल्या. सूनबाई हात पुसत आली. "हे बघ. 'कृपया' नाही, 'लोभ असावा' नाही. काय पण भाषा! आणि हे मागचे खलिते बघ. दर वर्षी हेच. कधी धान्य, कधी लोकर, कधी मध. आणि ह्यांनी प्रत्येक वेळी निमूटपणे दिलंय. सव्वीस वर्षं!"

"बाबांचा स्वभावच तसा होता, आई."

"स्वभाव कसला! भांडण म्हटलं की अंग चोरायचं. घरात माझा आवाज जरा चढला, की 'टाकी बघून येतो' म्हणून हे निघाले गच्चीवर. पाव तास पत्ता नाही." त्यांचा आवाज किंचित खाली आला. "पाण्याच्या खात्यातला माणूस. टाकीची काळजी फार. खाली आले की विचारायचे, 'चहा टाकू?' तोवर मी काय बोलत होते तेच माझ्या लक्षात राहायचं नाही."

सूनबाईने ओठ घट्ट मिटले.

"पण आता चार्ज माझ्याकडे आहे," असे म्हणून मेट्रनबाईंनी नकाराचे बटण दाबले आणि पाठोपाठ खेळी संपवली.

पडद्यावर तुतारी वाजली. पुढच्याच ऋतूत उत्तरेकडून लाल निशाणांची फौज उतरली, तिने नदीपलीकडचे कोठार पेटवले आणि सहाची पाच कोठारे झाली. मेट्रनबाईंनी वहीतला आकडा खोडला; खोडताना पेन्सिलीचे टोक मोडले.

"आई, बंद करा. न साठवता बाहेर पडा," सूनबाई घाईघाईने म्हणाली.

"तो आपणच साठवतो. प्रत्येक खेळीला. जुनं पुसून." मेट्रनबाईंचा आवाज पहिल्यांदाच कोरडा पडला होता. "ह्यांची फाईल एकच असायची."

दोघींनी घड्याळाकडे पाहिले. दोन वाजून दहा मिनिटे. सातला मुलगा यायचा होता. बापाच्या मागे राहिलेल्या साऱ्या वस्तूंतून त्याने मागितलेली एकच गोष्ट घ्यायला. आणि ती गोष्ट नदीपलीकडे जळत होती.

हातपाय गाळणे मेट्रनबाईंच्या शिस्तीत बसत नव्हते. त्यांनी तळमजल्यावर फोन लावला. तिथे राहणारे सुभेदार अठ्ठावीस वर्षे फौजेत काढून आले होते. मिशा, चाल आणि खोकला या तिन्ही गोष्टींतून ते समजत असे. "सुभेदार, युद्ध सुरू झालंय. ताबडतोब वर या. मला वाट पाहायला लावू नका."

सूनबाईने एकदा सासूबाईंकडे आणि एकदा पडद्यावरच्या खलित्याकडे पाहिले, आणि ती पाणी प्यायला आत गेली.

सुभेदार तीन मिनिटांत आले. बसायला काही दिसेना, म्हणून उभेच राहिले.

"बसायला एक छान निळं स्टूल होतं," मेट्रनबाई म्हणाल्या. "चौदा वर्षांपूर्वी त्या रंगाऱ्यानं लांबवलं. त्याला पुन्हा उंबरा ओलांडू दिला नाही मी. सूनबाई, आतली खुर्ची आण. हं, सुभेदार, परिस्थिती बघा."

सुभेदारांनी परिस्थिती पाहिली, मिशीवर बोट फिरवले आणि म्हणाले, "शत्रू समोरून येतोय. आपण समोर जायचंच नाही. डावीकडून वळसा घालायचा आणि पिछाडी गाठायची."

"डावीकडे हिरवं दिसतंय ते काय?"

"गवत असावं."

ती दलदल निघाली. तीस सैनिक आत गेले. पुढच्या ऋतूत बावीस दिसत होते आणि त्याच्या पुढच्या ऋतूत नुसतेच अकरा भाले.

"हरकत नाही," सुभेदार म्हणाले. "उरलेले आत घ्या. शहरात, विहिरींजवळ तळ ठोका. पाणी हाताशी हवं."

तळ पडला. तीन महिन्यांत विहिरींचे पाणी बिघडले आणि शहरात साथ सुरू झाली. घराघरांवर काळे ठिपके दिसू लागले, आणि ते पाहताच मेट्रनबाईंच्या डोळ्यांत जुनी चमक आली. साथ त्यांना समजत होती. त्यांनी बाह्या सारल्या.

"त्या छावण्या आधी पाडा. तिथे रुग्णालय. देवळाशेजारी दुसरं. कुंभारांना सांगा, मडकी झाकणाची हवीत. बाजार बंद! कोण म्हणतंय नको? सूनबाई, त्या राखाडी झग्यातल्या माणसाला हलव तिथून, मघापासून नुसता उभा आहे."

"तो पुतळा आहे, आई."

"मग पुसून घ्या."

साडेचार वाजेपर्यंत साथ आटोक्यात आली. मेट्रनबाईंनी घाम पुसला. चाळीस वर्षांपूर्वी पुराच्या साली, अर्ध्या कर्मचाऱ्यांनिशी त्यांनी दोनशे खाटा सांभाळल्या होत्या. पहाटे घरी आल्या तेव्हा ह्यांनी दाराशीच गरम पाण्याची बादली आणि साबण ठेवला होता, हे त्यांना एकाएकी आठवले. ते काही बोलले नव्हते. बादली तेवढी भरलेली होती.

"शाबास!" सुभेदार म्हणाले. "एकही माणूस दगावला नाही."

"पण सैन्य?" सूनबाईने विचारले.

छावण्या पाडून रुग्णालये बांधली गेली होती. शहरात पाच वैद्य, चाळीस परिचारिका आणि एकही धड सैनिक उरला नव्हता. उत्तरेच्या वेशीबाहेर लाल निशाणांचे रान माजले होते.

"सुभेदार, आता काय करायचं? तुम्ही फौजेत असं झालं की काय करायचात?"

सुभेदारांनी खोकून घेतले. "वाजवायचो."

"काय वाजवायचात?"

"ढोल. मी बँडात होतो, मेट्रनबाई. अठ्ठावीस वर्षं. मोठा ढोल."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठे विचारलंत? तुम्ही 'वर या' म्हणालात."

आता तहाशिवाय मार्ग नव्हता. सूनबाईने शोधून दूत पाठवण्याची जागा काढली. दूताबरोबर निरोप कोणता द्यायचा, यासाठी तिथे तीन पर्याय होते : मैत्री, देवाणघेवाण आणि क्षमायाचना. मेट्रनबाईंनी मैत्री देऊ केली. राणीने दूताला उन्हात उभे करून परत पाठवले. त्यांनी देवाणघेवाण देऊ केली. राणीने धान्य ठेवून घेतले आणि दूताला परत पाठवले.

"किती हेकेखोर बाई आहे ही! आपलंच खरं करायचं! हिच्याबरोबर माणूस सव्वीस वर्षं कसा काढू शकतो?"

"कुणास ठाऊक," सूनबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "आई, तिसरा पर्याय उरलाय."

मेट्रनबाईंनी त्या शब्दाकडे, फुटलेल्या थर्मामीटरकडे पाहावे तसे पाहिले. त्यांनी कुणाची क्षमा मागितल्याची नोंद कुठेही नव्हती. एकदा वॉर्डात त्यांच्या हातून मोठ्या सर्जनच्या पायावर अवजारांचा ट्रे पडला होता, तेव्हाही त्यांनी 'पाय इथे कशाला ठेवलात?' असे विचारून सर्जनकडूनच दिलगिरी वसूल केली होती.

त्यांचा हात पुढे झाला, थांबला, मागे आला. आणि नेमक्या त्याच क्षणी संगणकाला धाप लागली, आतून घरघर ऐकू आली आणि पडदा काळा झाला.

"गेला," सुभेदार टोपी काढत म्हणाले.

"गेला नाही, तापलाय," सूनबाई म्हणाली. तिने दवाखान्याच्या बॅगेतला, दात कोरडा करायचा रबरी फुगा आणला. "धूळ बसली असेल. मागचं झाकण उघडायला हवं. स्क्रू-ड्रायव्हर कुठे असेल?"

तो ह्यांच्या खणात, ह्यांनी ठेवला होता तिथेच, मोठ्या-लहानाच्या क्रमाने लावलेल्या चार भावंडांत होता. त्याखाली एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. सूनबाई फुग्याने संगणकाच्या पोटातली धूळ उडवत होती, तोवर मेट्रनबाईंनी वही उघडली. नकाशावर लिहावीत तशी सुटी, सरळ, एकाच उंचीची अक्षरे. अर्धी वही कालव्यांच्या उतारांनी भरलेली. मग एका पानावर ठसठशीत मथळा होता : 'उत्तरेच्या बाईसाहेब.'

"वाचा की मोठ्यानं," सुभेदार म्हणाले.

मेट्रनबाईंनी घसा साफ केला. "'बाईसाहेबांचा खलिता आला की लगेच उत्तर देऊ नये. आधी गावातली एखादी विहीर बघून यावी. घाईने होकार दिल्यास त्यांना संशय येतो. घाईने नकार दिल्यास युद्ध होते.'" त्यांनी चष्मा सारखा केला. "'वेढा पडल्यास घाबरू नये. बाईसाहेब वेशीपर्यंत येतात, आत येत नाहीत. त्यांना शहर नको असते. आपले म्हणणे कुणी ऐकावे, एवढेच हवे असते. तीन खेळ्या थांबावे. विहिरी बघाव्या. मग थोडा मध पाठवावा, धान्य नव्हे. आणि त्यानंतर क्षमा मागावी. चूक कुणाची होती, हा विषय काढू नये.'"

"मोठा मुत्सद्दी माणूस," सुभेदार भारावून म्हणाले.

"भित्रा माणूस," मेट्रनबाई म्हणाल्या. पण वही त्यांनी मिटली नाही.

संगणक जागा झाला तेव्हा सहा वाजत आले होते. वेशीबाहेर लाल निशाणे तशीच फडकत होती. मेट्रनबाईंनी वही समोर उभी करून ठेवली, आणि आयुष्यात प्रथमच, यजमानांनी सांगितले तसे त्या करू लागल्या.

त्या विहिरी बघायला निघाल्या. विहिरीवर बाण नेला की तिचे नाव उमटे. मोजणीच्या भरात दुपारी त्यांनी नुसते आकडे पाहिले होते. पहिल्या विहिरीवर मुलाचे लाडाचे नाव होते. दुसरीवर 'गोवर'. पुढची 'बदली रद्द'. मग 'तिची बढती'. मेट्रनबाई त्या विहिरीपाशी जरा थांबल्या. बढतीचा कागद हातात पडला त्या दिवशी हे एवढेच म्हणाले होते, 'छान झालं.' त्यांना ते फार कमी वाटले होते आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले होते. त्यावर हे टाकी बघायला गेले होते. इथे पाहिले तर शहरातली सगळ्यांत मोठी विहीर, चारी बाजूंनी पायऱ्या आणि कडेने झाडे लावलेली.

"ही बघा, 'सूनबाई आल्या'," सुभेदारांनी बोट दाखवले.

सूनबाई वाकून पडद्याजवळ गेली. "मला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली आणि फुग्याने उगाचच कळफलकावरची नसलेली धूळ उडवू लागली.

सर्वांत शेवटची विहीर 'गुडघा' होती. मेट्रनबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर हे पलंगाशेजारी बसून असत आणि त्या त्यांना उशी कशी ठेवायची हे शिकवीत. विहीर लहान होती, पण अगदी वाड्याच्या दाराशी खणली होती. फार चालावे लागू नये म्हणून.

तीन खेळ्या झाल्या. बाईसाहेब खरोखरच वेशीबाहेर उभ्या होत्या. ना पुढे, ना मागे. मेट्रनबाईंनी मध पाठवला. मग तिसऱ्या पर्यायावर बाण नेऊन त्या थोडा वेळ तशाच बसल्या, आणि कुणाचे लक्ष नसल्याची खात्री करून त्यांनी बटण दाबले. लक्ष सगळ्यांचेच होते.

लाल निशाणे वळली आणि उत्तरेला निघून गेली. 'तुमचा मध बरा होता,' एवढाच खलिता मागे राहिला.

"बरा होता!" मेट्रनबाई फणकारल्या. "चांगला होता म्हणायला काय झालं?"

पावणेसातला सुभेदारांनी टोपी घातली, पण निघवेना म्हणून ते पुन्हा बसले. सातला मुलगा आला. खांद्यावर बॅग, हातात नव्या यंत्राचे खोके. चालू संगणक, त्याभोवती घरातल्या सगळ्या खुर्च्या आणि सुभेदार हे पाहून तो दारातच थबकला. मग जवळ येऊन त्याने शहर निरखले. पूर्वेकडून पश्चिमेकडे, जसे त्याचे वडील निरखत.

"पलीकडचं कोठार जळलंय."

सुभेदार छताकडे पाहू लागले. सूनबाईने फुगा पाठीमागे लपवला. कारणे मेट्रनबाईंपाशी भरपूर होती. दलदल, ढोल, त्या बाईची भाषा. त्यांनी तोंड उघडले आणि स्वतःलाच नवल वाटेल असे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडले.

"माझ्या हातून जळलं. माझी चूक झाली."

मुलाच्या खांद्यावरची बॅग घसरली. "आई, तुला बरं वाटतंय ना?"

"मला काही झालेलं नाही. तू हात लावू नका म्हणाला होतास, मी लावला. तुझ्या बाबांचं शहर होतं ते."

मुलगा खुर्चीवर बसला. "अगं, एक कोठार ना? ते दर चार-पाच वर्षांनी जळतंच. बाईसाहेबांचं बिनसलं की." तो हसू लागला. "बाबा म्हणायचे, त्यांचा राग पुरासारखा, बांध घालायचा नाही, वाट द्यायची. बाजूला जाऊन विहीर बघायची. त्यांची घरचीच युक्ती होती ना ती, टाकी—"

सूनबाईचा पाय त्याच्या पायावर पडला. तो घाईने खोके उघडू लागला.

"टाकी काय?" मेट्रनबाईंनी विचारले.

"काही नाही."

"टाकीचं काय म्हणालास?"

मेट्रनबाईंनी निळी वही उचलली. मागे-पुढे पाने चाळली. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, नकाशाखाली प्रमाण लिहितात तसे बारीक अक्षरांत लिहिले होते. या खेपेस त्यांनी मनातच वाचले.

'वरील पद्धत घरी एकेचाळीस वर्षे वापरून पाहिली आहे. खात्रीची. बाईसाहेब मनाच्या फार मोठ्या. त्यांच्या धाकामुळेच दुसरे कुणी या शहराच्या वाटेला गेले नाही.'

त्यांनी वही मिटली. "सुभेदार, तुम्ही तीस वर्षं या इमारतीत आहात. गच्चीवरच्या टाकीला कधी गळती होती?"

सुभेदार प्रामाणिक माणूस होते. "थेंबभरही नाही, मेट्रनबाई."

एकेचाळीस वर्षे! त्यांच्या कानशिलांवर रक्त चढले. मुलाने ते पाहिले, सूनबाईने पाहिले; सुभेदारांनी टोपी हातात धरून दार कुठे आहे याचा अंदाज घेतला. मेट्रनबाईंनी मोठा श्वास घेतला. आता दोन मजले ऐकू जाईल असे काहीतरी येणार, म्हणून तिघेही वाकले. मेट्रनबाईंनी पडद्याकडे पाहिले. वाड्याच्या दाराशी ती लहानशी विहीर दिसत होती.

त्यांनी श्वास तसाच सोडला आणि गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

"मी जरा टाकी बघून येते," असे म्हणून त्या निघून गेल्या.

गच्चीवर अजून उजेड होता. टाकी आपल्या जागी होती. कोरडी खडखडीत बाहेरून, भरलेली आतून. त्या तिला वळसा घालून पलीकडे गेल्या. तिथे, वारा लागणार नाही आणि जिन्यातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात, एक निळे स्टूल होते. त्याचा रंग उन्हाने उडाला होता आणि बसायची जागा झिजून गुळगुळीत झाली होती.

मेट्रनबाई बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग बसल्या. इथून अख्खी वस्ती दिसत होती. घरे, रस्ते, खिडक्यांत लागणारे दिवे. कुणी नीट आखून वसवल्यासारखी.

पाव तासाने जिन्यात पावले वाजली. सूनबाई टाकीआडून हळूच डोकावली. तिची नजर स्टुलावर गेली आणि तिथेच राहिली.

"आई, सुभेदार गेले. शहर हललं नव्या मशीनवर. एकेचाळीसच्या एकेचाळीस विहिरी भरल्या." ती थांबली. "चहा टाकू?"

"उद्या त्या रंगाऱ्याचा नंबर शोध," मेट्रनबाई समोर पाहत म्हणाल्या. "त्याच्याकडे मध पाठवायचाय."

"आणि चहा?"

मेट्रनबाईंनी स्टुलाच्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवले.

"टाक. पण अजून एक खेळी थांब."